सोन्याची केबल लावली म्हणून १४४ हर्ट्झ येत नाहीत

महिन्याभरात तो फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, शाळेतल्या पोरांचा ग्रुप आणि शेवटी सख्खी बहीण, "दादा हे खरं आहे का रे?" असं विचारत. मथळा काय तर "१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतोय? कंपन्या हे सांगणार नाहीत!" (हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येतं ते) आणि खाली मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक. सारांश असा, की दोष केबलचा असतो, गोल्ड प्लेटेड ८के केबल घ्या, मग कुठलाही जुना लॅपटॉप ४के १४४ देतो.

बहिणीने विचारलं तोवर उशीर झाला होता. भाच्याने आधीच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला होता आणि तिथल्या एका दुकानात १८०० रुपये मोजून केबल आणली होती. दुकानदार त्याला म्हणाला, "अरे ही आठ-के चालवते, तुझं चार-के काय घेऊन बसलास." पोराला पटलं. मलाही त्या वयात पटलं असतं.

रविवारी गिरगावात बहिणीकडे गेलो. टेबलावर २७ इंची ४के मॉनिटर, बॉक्सवर मोठ्या अक्षरात १४४, बाजूला २०१९ चा लॅपटॉप, आणि मधे ती जाडजूड वेणी घातलेली केबल, टोकं अशी चकाकत होती की नथीला लाजवेल. सेटिंगमधे अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं तर रिफ्रेश रेटच्या यादीत ६०, ५९.९४, ५०, ३०. संपलं. "मामा, साठच दाखवतंय."

तर आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, "६० दाखवत असेल तर केबल बदला."

दुकानाने बिल दिलं नव्हतं, कच्ची पावती होती, तिच्याच मागे पेनाने हिशोब मांडला. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. एका पिक्सेलला लाल हिरवा निळा मिळून २४ बिट. म्हणजे एक फ्रेम, एक पूर्ण चित्र, साधारण १९.९ कोटी बिटांची. सेकंदाला ६० फ्रेम पाठवायच्या तर जवळजवळ १२ जीबीपीएस (सेकंदाला १२ अब्ज बिट), १४४ पाठवायच्या तर २८.७. बरं हे नुसत्या दिसणाऱ्या पिक्सेलचं झालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडलेली असते, ही पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय आहे, तेव्हा इलेक्ट्रॉनचा झोत उजवीकडून परत डावीकडे न्यायला वेळ लागायचा, आता झोत नाही ट्यूब नाही पण जागा राहिली, एचडीएमआयवर, म्हणजे टीव्ही-मॉनिटर जोडायच्या नेहमीच्या पोर्टवर, आवाज त्याच फटीतून जातो. ही जागा धरली की टीव्हीच्या ठरलेल्या टायमिंगमधे ४के ची फ्रेम प्रत्यक्षात ४४०० गुणिले २२५० ची होते आणि ६० हर्ट्झला १४.२६ जीबीपीएस लागतात.

आता पाइपाकडे बघा. भाच्याच्या लॅपटॉपला एचडीएमआय २.० आहे, हे स्टँडर्ड २०१३ चं. त्यावर १८ जीबीपीएस लिहिलेलं असतं पण ते १८ तुमच्या चित्राला मिळत नाहीत, कारण दर ८ बिटांमागे तारेवर १० बिट जातात, सिग्नल नीट ओळखता यावा म्हणून. उरले १४.४. हवेत १४.२६, आहेत १४.४. ४के ६० ला तो पोर्ट असा काठोकाठ भरलेला आहे! त्यात १४४ कुठून बसवणार? दुपटीहून जास्त डेटा आहे. लॅपटॉपच्या आतला ट्रान्समीटरच तेवढा वेग काढत नाही, पुढे केबल कुठलीही लावा. पालिकेचं पाणी सकाळी दीड तास येतं आणि लाइन पाऊण इंची आहे, तिथे पितळेचा नळ काढून सोन्याचा लावला तर शेजारी बघायला येतील, बादली तेवढीच भरणार.

भाच्याचा विश्वास बसेना, म्हटलं चल दाखवतो. रिझोल्यूशन ४के वरून २५६० बाय १४४० वर आणलं आणि तीच यादी परत उघडली. १४४ हजर! कारण १४४० ला पिक्सेल ३७ लाखच, १४४ हर्ट्झला रिकामी जागा कमीत कमी ठेवली तर १४ जीबीपीएसच्या आसपास, १४.४ मधे बसतं. मग अठराशेची केबल काढली आणि मॉनिटरच्या बॉक्समधे आलेली साधी काळी लावली, जी त्याने फोडलीसुद्धा नव्हती. ४के ला ६०, १४४० ला १४४. अगदी तेच. पोरगं गप्प झालं.

पण केबलचा दोष कधीच नसतो असंही मी म्हणणार नाही, नाहीतर माझाही फॉरवर्ड व्हायचा. केबल कमी पडली की लक्षणं वेगळी असतात. स्क्रीन मधेच दोन सेकंद काळी होऊन परत येते, किंवा चित्रावर पांढरे रंगीत ठिपके चमकतात. डिस्प्लेपोर्टचं, म्हणजे मॉनिटर जोडायच्या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टचं, अजून एक आहे, मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड सुरुवातीला एकमेकांशी बोलून वेग ठरवतात, तार खराब असेल तर खालच्या वेगावर उतरतात आणि मग यादीतले वरचे पर्याय गायब होतात. त्यामुळे यादी छोटी दिसली की आधी दोन्ही बाजूंचे पोर्ट तपासा, मग केबल. हॉलमधे प्रोजेक्टरला दहा मीटर तार ओढलीय अशा ठिकाणी तर केबलचाच संशय आधी घ्या, तांब्याच्या तारेतून ४८ जीबीपीएस फार लांब जात नाहीत, त्यासाठी आत फायबर असलेल्या केबल मिळतात आणि त्यांना दिशा असते, एक टोक लॅपटॉपचं एक टीव्हीचं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि लोक ती परत करायला धावतात. आणि सोन्याचा मुलामा? त्याचा फायदा आहे, गंज चढत नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यात भिंतींना पापुद्रे येतात अशा घरात, ती चांगलीच गोष्ट. पण मुलामा साध्या दोनतीनशेच्या केबललाही असतो आणि त्याने वेग एक बिटही वाढत नाही.

केबल घ्यायचीच तर "८के" या अक्षरांकडे बघू नका, ती कोणीही छापतं. एचडीएमआयमधे केबलला व्हर्जन नंबर नसतो, वर्ग असतो. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएसपर्यंत तपासलेली, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ पर्यंत, आणि या दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. भाच्याच्या केबलच्या खोक्यावर लेबल नव्हतं, वाघाचं चित्र होतं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात आवडला. "नेटवर ४के पिक्चर २५ एमबीपीएसमधे दिसतो, मग १८ जीबीपीएस कमी कसे पडतील? विचार करा!"

केला विचार. पहिली गोष्ट म्हणजे हा मुद्दा पहिल्याच्या विरुद्ध आहे, १८ जर एवढे भरपूर असतील तर नवीन केबल कशाला विकताय. दुसरी गोष्ट, नेटवरून जे येतं ते दाबून दाबून आणलेलं असतं. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, काय करतो, मागच्या फ्रेममधली भिंत या फ्रेममधे तशीच आहे ना, मग परत पाठवू नका, फक्त हललेलं पाठवा, वर डोळ्याला न जाणवणारं कापून टाका. ते सगळं तुमच्या लॅपटॉपमधे येऊन उलगडतं आणि उलगडल्यावर परत ८३ लाख पिक्सेल होतात, आणि केबलमधून जातात ते हे उलगडलेले. २५ एमबीपीएसचे (सेकंदाला अडीच कोटी बिट) १२ जीबीपीएस, जवळपास पाचशे पट. बाजारातून सुके बोंबील आणताना पिशवी केवढी आणि भिजवल्यावर भांडं केवढं लागतं हे ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

यातून निघणारी एक गंमत, जी बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. कॉम्प्रेशन नसेल तर स्क्रीनवर काय चाललंय याने केबलला काही फरक पडत नाही. लालबागच्या गर्दीचा व्हिडिओ लावा नाहीतर नुसतं काळं वॉलपेपर ठेवून चहाला जा, बिट तेवढेच धावतायत, काळा पिक्सेलसुद्धा २४ बिटांचाच. तसंच "माझी गेम ४० एफपीएसच (सेकंदाला ४० फ्रेम) देते, मग मला मोठा पोर्ट कशाला" हेही चूक. साध्या सेटिंगमधे, म्हणजे रिफ्रेश रेट गेमप्रमाणे कमीजास्त होणारं व्हीआरआर बंद असताना, मॉनिटर १४४ वर लावलाय म्हणजे केबलमधून सेकंदाला १४४ फ्रेम जाणारच, गेमने नवीन दिली नाही तर जुनीच परत.

"डोळ्याला ६० च्या वर दिसतच नाही." पुढे. नाही खरंच, यावर फार वेळ नको. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ ला ६.९. दोन्ही लावून एखादं मोठं पान भराभर स्क्रोल करा आणि अक्षरं वाचता येतात का बघा, आईला पण फरक कळला, तिला हर्ट्झ म्हणजे काय ते माहीत नाही.

आता तो मुद्दा ज्यात फॉरवर्डवाल्याचा दोष थोडा कमी आणि इंडस्ट्रीचा जास्त. "बॉक्सवर एचडीएमआय २.१ बघा आणि डोळे मिटून घ्या."

डोळे उघडे ठेवा. २.१ आलं २०१७ च्या शेवटी, कमाल ४८ जीबीपीएस, आणि ८ चे १० करण्याऐवजी १६ चे १८ करण्याची पद्धत, म्हणून हाती साडेबेचाळीसच्या वर उरतात. ४के १४४ आरामात. पण ४८ ही कमाल आहे, सक्ती नाही. २४, ३२, ४० असे खालचे टप्पेही त्याच नावात चालतात. आणि कहर म्हणजे २०२१ मधे एचडीएमआयचं लायसन्स देणाऱ्या संस्थेने स्पष्टच सांगितलं की २.० आता वेगळं अस्तित्वात नाही, ते २.१ च्याच पोटात गेलं, आणि २.१ ची नवीन फीचर ऐच्छिक आहेत. म्हणजे जुना १८ जीबीपीएसचा पोर्ट बसवून बॉक्सवर २.१ छापलं तरी नियमाने चालतं! हा माझा राग आहे आणि तो राहणार. तेव्हा बॉक्सवरचा आकडा न बघता स्पेसिफिकेशनच्या पानावर "कुठल्या पोर्टवर, कुठलं रिझोल्यूशन, किती हर्ट्झ" असा तक्ता शोधा. तो तक्ता नसेल तर मी तो मॉनिटर घेत नाही, सरळ.

टीव्हीचं याहून वाईट, चार पोर्टांपैकी दोनच ४के १२० घेतात असं सर्रास असतं, आणि कितीतरी टीव्हींवर पोर्टाचा पूर्ण वेग मेनूत जाऊन चालू करावा लागतो, सॅमसंगवर त्याला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीवर डीप कलर. मित्राने सहा महिने नव्या टीव्हीवर गेमिंग कन्सोल त्या सेटिंगशिवाय वापरला आणि वर मला सांगायचा की काय मस्त दिसतं.

डिस्प्लेपोर्टवाल्यांनी हसू नये. १.४ म्हणजे २०१६ चं, कागदावर ३२.४ आणि हातात २५.९२ जीबीपीएस. ४के १२० ला ८ बिट रंग (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ८, म्हणजे तेच २४) कसेबसे बसतात, १० बिट केलं की बाहेर. डिस्प्लेपोर्ट २.१ म्हटलं की ८० जीबीपीएस डोळ्यापुढे येतात, पण त्यातही ४०, ५४, ८० असे वेगवेगळे वेग आहेत. आणि २०२२ मधे आलेल्या आरटीएक्स ४०९० ला, दीड लाखाच्या ग्राफिक्स कार्डाला, डिस्प्लेपोर्ट १.४ चाच होता. त्यामुळे "महाग घेतलं म्हणजे नवीन पोर्ट" हेही विसरा.

मग १.४ वर ४के २४० चे मॉनिटर चालतात कसे? तिथे येतं डीएससी, डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन, आणि फॉरवर्डचा पुढचा मुद्दा की "डीएससी म्हणजे क्वालिटी कमी, बंद करा." नेटच्या व्हिडिओसारखं हे नाही. मागच्या फ्रेमचा आधार घेत नाही, चालू फ्रेममधेच ओळींच्या पट्ट्यांवर काम करतं, म्हणून उशीर जाणवत नाही, आणि दाबतं ते साधारण तिप्पटच. नुकसान शून्य असतं असं मी म्हणत नाही, गणिताने काही बिट जातात. पण डोळ्याला दिसू नये अशा हिशोबाने ते बनवलंय आणि मी दोन मॉनिटर शेजारी ठेवून अर्धा तास शोधलं, सापडलं नाही. बंद केलं तर काय होईल ते मात्र नक्की सापडेल, १४४ ची परत १२० किंवा त्याहून खाली घसरगुंडी.

खरी क्वालिटी जाते ती दुसरीकडे, आणि तिच्याबद्दल फॉरवर्डमधे चकार शब्द नाही. उलट लिहिलंय "स्वस्त केबलमुळे रंग फिके पडतात." डिजिटल सिग्नलमधे असं फिकट बिकट होत नाही, बिट पोचला किंवा नाही पोचला. रंग बिघडतात ते बँडविड्थ कमी पडल्यावर कार्डाने गुपचूप रंगाची माहिती कमी केली तर. ४:२:० म्हणतात त्याला, उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पाठवायची पण रंगाची चार पिक्सेलमधे एक, डेटा थेट निम्मा. पिक्चर बघताना कळत नाही. पण काळ्यावर लाल रंगात मराठी टाइप करून बघा, अनुस्वाराचा टिंब पसरून शिरोरेषेला चिकटतो, रफार आणि मात्रा यांच्या कडा मळतात, "कर्ज" आणि "करज" ओळखायला मान पुढे काढावी लागते. ऑफिसमधे एकाला असंच झालं होतं, चष्म्याचा नंबर काढून आला बिचारा. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधे कलर फॉरमॅट लिहिलेलं असतं, तिथे आरजीबी किंवा ४:४:४ (म्हणजे रंगाची पूर्ण माहिती) नसेल तर हर्ट्झ कमी करा, अक्षरं जागेवर येतात.

राहिलं "टाइप-सी सगळे सारखेच." भोक सारखं आहे, बाकी काही नाही. काही टाइप-सी नुसते चार्जिंगचे, काही चार्जिंग आणि डेटा, काहींमधून डिस्प्लेपोर्ट निघतो. निघतो तिथेही चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, असतात आणि हबला (एका भोकातून अनेक पोर्ट देणारी डबी) वेगवान यूएसबी पण हवं असेल तर दोनच चित्राला मिळतात. दोन लेन जुन्या वेगाने म्हणजे ८.६४ जीबीपीएस, त्यात ४के ६० बसत नाही, म्हणून तो दीड हजाराचा हब लावला की माउसचा बाण स्क्रीनवर अडखळत, ठिपके टाकत चालतो. ते ३० हर्ट्झ आहेत. लॅपटॉपला शिव्या घालू नका. आणि जाता जाता, डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची स्वस्त केबल एकाच दिशेने चालते, कॉम्प्युटर डिस्प्लेपोर्टच्या बाजूला हवा. उलटी लावून "नो सिग्नल" बघत बसलेले मी तिघे पाहिलेत, त्यातला एक मी.

भाच्याचा लॅपटॉप मग उलटा करून बघितला. डाव्या बाजूला, चार्जरच्या भोकाजवळ एक टाइप-सी, आणि त्याच्या शेजारी नखाएवढं चिन्ह, डी च्या पोटात पी. ते डिस्प्लेपोर्टचं. तीन वर्षं त्याने त्या भोकातून फक्त फोनचे फोटो काढले होते. म्हटलं चल परत लॅमिंग्टन रोडला. त्या दुकानदाराने केबल परत घेतली नाही, "पॅकिंग फोडलंय साहेब." शेजारच्या दुकानातून टाइप-सी ते डिस्प्लेपोर्टची केबल घेतली, ९०० रुपये. घरी येऊन लावली, यादी उघडली, ४के ला १४४, डीएससीच्या जिवावर. पोराने माउस गरागरा फिरवला आणि हसायला लागला.

वाघाचं चित्र असलेली ती आठ-के केबल आता आईच्या टीव्हीमागे आहे, सेट-टॉप बॉक्सला. संध्याकाळी सातनंतर तिच्यातून १०८० ची मालिका जाते.